अणूचे अंतरंग आणि आपले अंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सेक्टर १० येथे केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्ही गुंफावे, अशी समितीची इच्छा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही तिने दिली. आम्ही ‘अणुविज्ञान’ हा विषय सुचविला तेव्हा समितीच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले, तेच या क्षणी आपल्याही चेहऱ्यावर दिसत आहे. ते योग्यच आहे. आम्ही बी. ए. झालो तो मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन. त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींच्या सहवासात गेली. समोर तर पोलादाच्या धगीत आयुष्य वेचलेले अभियंते बसले आहेत. अशा सभेत आमच्यासारख्याने अणूविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु या विषयाकडे आम्हांस कुतूहलाने नेले नाही. एका अपराधाने नेले. तो अपराध कोणता, हे ओघात येईलच. आधी विषयाची ओळख करून घेऊ.

आपल्या या नगरीचे सारे जीवन लोखंडावर उभे आहे. दल्ली-राजहरा येथून लोहखनिज येते, कोक येतो, चुनखडी येते आणि झोतभट्टीतून लोखंडाचा रस वाहू लागतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हे चक्र अखंड चालू आहे. त्या भट्टीत एवढा प्रचंड अग्नी असतो, तथापि लोखंडाच्या अणूचा गाभा त्या अग्नीला मुळीच दाद देत नाही. खनिजातला प्राणवायू निघून जातो, अणूंच्या जोड्या तुटतात व नव्या जुळतात. पण हा सारा व्यवहार अणूच्या बाहेरच्या ओसरीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या प्रांतात चालतो. माजघरात कोणी शिरत नाही. रसायनशास्त्र हे अणूच्या ओसरीचे शास्त्र आहे आणि अणुकेंद्राचे शास्त्र हे त्याच्या माजघराचे शास्त्र आहे, असे म्हटले तर स्थूलमानाने चुकणार नाही.

हे माजघर किती लहान असावे? अणूच्या मानाने त्याचे केंद्र सुमारे लक्षांश आकाराचे असते. एखादा अणू तीन किलोमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या कित्येक सेक्टरांना कवेत घेईल एवढा मोठा कल्पिला, तर त्याचे केंद्र मध्यभागी ठेवलेल्या एका लिंबाएवढे भरेल. पण अणूचे जवळजवळ सारे वजन त्या लिंबात साठलेले असते. १९११ साली रदरफर्ड यांनी हे केंद्र दाखवून दिले. पुढे १९३२ साली चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोन कणांनी केंद्र बनते, हे चित्र पूर्ण झाले. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. कार्बनचे सहा, लोखंडाचे सव्वीस, युरेनियमचे ब्याण्णव. न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच मूलद्रव्यातही कमीअधिक असू शकते. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात.

काही समस्थानिकांचे केंद्र स्थिर नसते. ते आपल्याजवळची जादा ऊर्जा किरणांच्या वा कणांच्या रूपाने बाहेर टाकून स्थिर होऊ पाहते. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. १८९६ साली बेक्वेरेल यांना युरेनियममध्ये तो प्रथम आढळला आणि दोनच वर्षांनी मेरी व पिएर क्युरी या दांपत्याने पोलोनियम व रेडियम शोधून काढले. या किरणांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. अल्फा किरण कागदाच्या एका कपट्यानेही अडतात, बीटा किरणांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो, आणि गॅमा किरणांना अडविण्यासाठी मात्र शिशाची वा काँक्रीटची जाड भिंत उभारावी लागते. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याची एक ठरलेली चाल असते. जितक्या काळात ते निम्मे होते, त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. वैद्यकातील टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास, आयोडीन-१३१ चे आठ दिवस, कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे, तर युरेनियम-२३८ चे सुमारे साडेचारशे कोटी वर्षे.

या ठरलेल्या चालीचा उपयोग आमच्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार मोलाचा वाटतो. सजीवाच्या देहातील कार्बन-१४ मृत्यूनंतर ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून उत्खनन केले. तेथे आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्य साठविण्याच्या सोयी आणि घराच्या जमिनीखालीच केलेली दफने सापडली. या आद्य ग्रामस्थांनी लेखी अक्षर मागे ठेवले नाही. त्यांचा काळ सांगितला तो मुख्यत्वे जळक्या कोळशातील कार्बनने. ज्या महाराष्ट्राचा इतिहास आम्ही सातवाहनांपासून पाठ केला, त्याच्या मागचे हजार वर्षांचे दालन अणुकेंद्राने उघडून दिले.

आता ऊर्जेकडे वळू. १९३८ च्या डिसेंबरात जर्मनीत हान व श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता बेरियम मिळाले. लिझे माइटनर व फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला : केंद्र दुभंगले होते. दुभंगताना वस्तुमानाचा अल्पसा अंश नाहीसा होऊन त्याची ऊर्जा होते आणि दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रे फोडतात आणि अशी साखळी सुरू होते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे फर्मी यांनी ही साखळी प्रथम काबूत ठेवून दाखविली. एक किलो युरेनियम-२३५ पूर्णपणे दुभंगले तर अडीच-तीन हजार टन कोळसा जाळल्याएवढी उष्णता मिळते. कोळशाच्या वाघिणी रोज पाहणाऱ्या आपल्याला या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

येथे लोखंडाचा एक मोठेपणा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जड केंद्र दुभंगले की ऊर्जा मिळते. हलकी केंद्रे जुळली तरी ऊर्जा मिळते, आणि सूर्य त्याच रीतीने तळपतो. मग या दोन्ही वाटा कोठे संपतात? त्या लोखंडाच्या आसपास संपतात. लोखंडाचे केंद्र हे सृष्टीतील सर्वात घट्ट बांधलेल्या केंद्रांपैकी एक आहे. त्याला फोडून वा जोडून ऊर्जा मिळवता येत नाही. महाकाय ताऱ्यांच्या पोटात हलकी केंद्रे जुळत जुळत लोखंडापर्यंत येतात, तेथे ताऱ्याचे इंधन सरते आणि त्याचा स्फोट होऊन ते द्रव्य अवकाशात विखुरते. राजहऱ्याच्या डोंगरातले लोखंड अशाच कोणा प्राचीन ताऱ्यांचे देणे आहे. आपल्या अंगातल्या रक्तातले लोहही तेच.

मनुष्याने या शक्तीचा पहिला मोठा उपयोग केला तो संहारासाठी. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ या दिवशी हिरोशिमा व नागासाकी येथे जे घडले, त्याने ‘अणू’ या शब्दाभोवती भयाचे जे वलय निर्माण केले ते आजही विरलेले नाही, आणि विरू नये. परंतु त्याच सुमारास आपल्या देशात डॉ. होमी भाभा निराळे स्वप्न पाहत होते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली अणुऊर्जा आयोग आणि पुढे तुर्भ्याचे केंद्र, असा तो क्रम आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी तेथे कार्यान्वित झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभांचे निधन झाले आणि तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले. १९६९ साली तारापूर येथे देशातील पहिली अणुवीज वाहू लागली.

या कार्यात मराठी माणसाचा वाटा लहान नाही. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेले डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म १९४३ साली बडवानीचा. आपण आणि बडवानीकर सन २००० पर्यंत एकाच मध्यप्रदेशचे रहिवासी होतो, म्हणून हा उल्लेख मुद्दाम करतो. वडील गोवामुक्तीच्या लढ्यात, आई कमलाताई गांधीविचाराच्या शिक्षिका. अशा घरात वाढून ते मुंबईस गेले आणि ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या उभारणीत त्यांनी मोलाची कामगिरी केली. कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगावचे शिवराम भोजे हे कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक झाले आणि शीघ्र प्रजनक अणुभट्टीच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. महाराष्ट्राबाहेर वा खेड्यात वाढलेली मुले कोठवर जाऊ शकतात, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

तथापि केवळ गौरव गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आज सुमारे तीन टक्केच आहे. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली घरे सोडावी लागली. आपली भिलाईही गावोगावच्या शेतजमिनींवर उभी आहे. तेव्हा विस्थापिताच्या दुःखाची जाणीव आपण तरी ठेवली पाहिजे. २६ एप्रिल १९८६ चे चेर्नोबिल आणि ११ मार्च २०११ नंतरचे फुकुशिमा यांनी दाखवून दिले की, या विद्येत बेफिकिरीला वा अहंकाराला क्षमा नाही. भट्टीतून निघणारी राख दीर्घकाळ किरणोत्सर्गी राहते. ती काचेत बद्ध करून जतन करण्याची विद्या तारापूरला उभी राहिली आहे; पण पुढच्या पिढ्यांवर टाकलेली ही राखण आहे, हे विसरता कामा नये.

आणि पोलादनगरीने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेच्या दारावरून एक मालमोटार जात असता तेथील किरणमापक यंत्राने इशारा दिला. मोटारीत होत्या बांधकामाच्या सळ्या. माग काढला तेव्हा कळले की, मेक्सिकोतील हुआरेझ येथे कर्करोगाच्या उपचाराचे एक जुने यंत्र भंगारात गेले होते आणि त्यातील कोबाल्ट-६० भंगाराबरोबर वितळून पोलादात मिसळले होते. त्या सळ्यांची घरे पुढे पाडावी लागली. आपल्या देशातही २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात, एका विद्यापीठाने भंगारात विकलेल्या उपकरणातील कोबाल्टने एका कामगाराचा बळी घेतला व आणखी काहीजण होरपळले. पोलादाच्या कारखान्यांत पत्र्याची जाडी, साच्यातील रसाची पातळी, सांध्यातील पोकळी तपासण्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्ये वापरतात. पिवळ्या पाटीवरील तीन पाकळ्यांची खूण येथील अनेकांनी पाहिली असेल. ती खूण नीट ओळखणे आणि भंगारात तशी वस्तू दिसल्यास हात न लावता वरिष्ठांना कळविणे, एवढे ज्ञान प्रत्येक कामगाराच्या घरात असावयास हवे.

येथवर भयाची बाजू झाली. आता जे सांगावयाचे आहे त्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

१९९९ साली आमची नेमणूक रायपूरला होती. आमच्या आत्याबाईंना कर्करोग झाला आणि नागपुरात त्यांच्यावर कोबाल्टच्या किरणांचा उपचार झाला. लहानपणी आई आजारी असताना याच आत्याबाईंनी आम्हांस दोन वर्षे सांभाळले होते. उपचार आटोपल्यावर विश्रांतीसाठी त्या आमच्याकडे महिनाभर राहावयास आल्या. आमची कन्या तेव्हा दीड वर्षाची होती. ‘कोबाल्ट’, ‘किरण’ या शब्दांनी आमच्या मनात हिरोशिमाच उभा राहिला. कोणाला विचारावे, एखादे पुस्तक पाहावे, हे सुचले नाही. आम्ही सौभाग्यवतींना सांगून आत्याबाईंचे ताट-वाटी निराळे केले, अंथरूण बाहेरच्या खोलीत घातले आणि मुलीला त्यांच्याजवळ जाऊ द्यावयाचे नाही असे ठरविले. तोंडाने काही बोललो नाही. बोलण्याची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई आपले ताट आपणच विसळून वेगळे पालथे घालू लागल्या.

एके दिवशी आमची नजर चुकवून मुलगी दुडदुडत त्यांच्या ओसरीत गेली. आम्ही धावलो. पाहतो तो आत्याबाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागे घेऊन उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “लांब राहा गं बाई, लांब राहा. तुझे बाबा रागावतील.” महिना संपण्याआधीच त्या गावी गेल्या. दोन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर काही काळाने एका परिचित डॉक्टरांशी बोलताना ही गोष्ट सहज निघाली. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अहो, यंत्र बंद झाले की किरण संपले. त्यांच्या अंगात काहीच नव्हते. नातीला मांडीवर घेतले असते तर त्यांना बरे वाटले असते.” त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमचा या विषयाचा अभ्यास सुरू झाला तो तेव्हापासून.

आम्हांस जे उमगले ते आपल्या घरच्या भाषेत सांगतो. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालतो. उन्हाने त्यांत बदल होतो. पण संध्याकाळी घरात आणल्यावर पापडातून ऊन बाहेर पडत नाही. किरणांचा मारा हा असा असतो. हळदीचे मात्र तसे नाही. हळदीचा हात ज्याला लागेल त्याला डाग पडतो आणि तो पुढेही पसरतो. किरणोत्सर्गी द्रव्य अंगाला चिकटले वा पोटात गेले तर ती हळद झाली. मायापुरीला, हुआरेझला हळद सांडली होती. आत्याबाईंच्या अंगावर केवळ ऊन पडले होते. ऊन आणि हळद यांतला हा भेद आम्हांस ठाऊक नव्हता आणि आमच्या मनाने तिसराच, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा शब्द उचलला : विटाळ. शिकल्या-सवरल्या माणसाच्या तोंडी आला म्हणून विटाळ हा विज्ञान होत नाही.

भेद नेमका सांगितला पाहिजे, म्हणून अपवादही सांगतो. कंठग्रंथीच्या काही विकारांत आयोडीन-१३१ पोटात देतात. तेथे द्रव्यच शरीरात असते; म्हणून डॉक्टर काही दिवस लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवावयास सांगतात. ते तंतोतंत पाळावे आणि मुदत संपली की संपले असे समजावे. डॉक्टरांना विचारावे, शेजाऱ्यांना विचारू नये.

हाच भेद कळला की इतर उपयोगही निर्भय मनाने पाहता येतात. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून कांद्यावर गॅमा किरण सोडण्याचे केंद्र आहे. त्या मात्रेने कांद्याला कोंब फुटत नाहीत. कांदा मात्र किरणोत्सर्गी होत नाही. २००७ पासून आपला हापूस अमेरिकेस जाऊ लागला तो अशाच प्रक्रियेनंतर. भाभा केंद्राने बियाण्यांवर किरण सोडून, त्यांतून हितकर बदल झालेली रोपे निवडून भुईमुगाचे वाण तयार केले; टीएजी-२४ हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित आहे. आणि आपल्या छत्तीसगढचा सुवासिक दुबराज! हा भात उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो आणि उशिरा तयार होतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने भाभा केंद्राच्या साहाय्याने त्याच्यापासून ठेंगणा आणि लवकर येणारा ‘ट्रॉम्बे छत्तीसगढ दुबराज म्युटंट-१’ हा वाण सिद्ध केला. जुन्या सफरी-१७ पासून ‘विक्रम टीसीआर’ झाला. कर्करोगाच्या उपचारासाठी भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट-यंत्र घडविले. ज्या कोबाल्टने मायापुरीत जीव घेतला, तोच कोबाल्ट जाणत्या हाती रुग्णांना वर्षांचे दान देतो. आमच्या आत्याबाईंनाही त्याने दोन वर्षे दिली होती. त्यांतला एक महिना आम्ही वाया घालविला.

किरण हे काही केवळ यंत्रातच असतात असेही नाही. जमिनीतून, आकाशातून आणि आपल्या देहातील पोटॅशियममधूनही ते येत असतात. जगात सरासरी माणसी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा निसर्गच देतो. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा त्याच्या विसाव्या हिश्शाहूनही सहसा कमीच असते. तेव्हा ‘किरण आहेत काय’ हा प्रश्न अपुरा. ‘किती आहेत आणि कोठे आहेत’ हे विचारावयास हवे.

बंधुभगिनींनो, समारोप करतो. पन्नास वर्षांत या मंडळाने घरापासून दूर आलेल्या माणसांना घर दिले. गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागरी या निमित्ताने आपण एकमेकांना जवळ केले. गेल्या संक्रांतीच्या वेळी आमच्या ओळखीच्या एका भगिनी उपचार घेऊन परतल्या होत्या. त्यांना हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, अशी कुजबुज आमच्या कानी आली. बोलावणे गेले नाही. कुजबुजणाऱ्यांवर आम्ही रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आमच्याकडे उरलेला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सोबत आमची कन्याही होती. ती आता मोठी झाली आहे आणि त्या ओसरीतला प्रसंग तिला आठवत नाही. तो आम्ही तिला सांगितला आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने पुष्कळ संकल्प केले आहेत. त्यांत आमची एक लहानशी भर घालावी, अशी विनंती आहे : आपल्यातला कोणीही असा उपचार घेऊन परत आला, तर मंडळाचे पहिले बोलावणे त्याच्या घरी जावे आणि त्याचे ताट सर्वांच्या पंगतीत मांडले जावे.

 जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ, जय हिंद.